मानवाकृतीची हस्तपुस्तिका : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांची स्मरणचित्रे पाहताना दरवर्षी एकच उणीव जाणवते. विषय भाजीबाजाराचा असो, बसथांब्याचा असो वा गणेशविसर्जनाचा, मागची घरे, झाडे, गाड्या मुले बऱ्या हाताने काढतात. माणसे मात्र दोन्ही पायांवर सारखा भार टाकून, खांदे आणि कंबर समांतर ठेवून, खांबासारखी उभी राहतात. वाकलेला माणूस काढायचा झाला तर तो कंबरेत मोडल्यासारखा दिसतो. शरीररचनेचे तक्ते दाखवून यात फारसा फरक पडत नाही, कारण तक्त्यातला माणूसही ताठच उभा असतो.

म्हणून सहकारी शिक्षिकांसोबत एक हस्तपुस्तिका करायला घेतली आहे. मुंबईत राहणाऱ्या मुलाला लोकलने किंवा लाँचने जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतील अशाच मानवाकृती तिच्यात प्राधान्याने घ्यायच्या आणि दूरच्या कलाकृती तुलनेपुरत्या आणायच्या, असे ठरले. प्रत्येक कलाकृतीसमोर वहीत दोन रकाने राहतील : कलावंताने काय ठेवले आणि काय गाळले. शरीर जसेच्या तसे कोणीच दाखवत नाही. शिरा, केस, घाम, वय, वजन, श्वास, कपड्याखालची ठेवण यांतले काही उचलावे लागते आणि बाकीचे सोडावे लागते. जे सोडले त्यावरून त्या काळाला शरीर म्हणजे काय वाटत होते हे अधिक स्पष्ट कळते, अशी माझी धारणा आहे आणि पुस्तिकेची मांडणी तिच्यावरच उभी करायची आहे.

९ नोव्हेंबर २०२५

आजचा दिवस तालमानाला दिला. भारतीय मूर्तिशास्त्रात शरीराचे माप फुटांत वा इंचांत नसते. मूर्तीच्या स्वतःच्या चेहऱ्याची लांबी, म्हणजे एक ताल, हेच एकक असते आणि एका तालाचे बारा अंगुल होतात. नवताल आकृती १०८ अंगुलांची. तिचा हिशोब फळ्यावर मांडला : चेहरा १२, मान ४, मानेपासून हृदयापर्यंत १२, हृदयापासून नाभीपर्यंत १२, नाभीपासून जननेंद्रियापर्यंत १२, मांडी २४, गुडघा ४, नडगी २४ आणि पाऊल ४. बेरीज बरोबर १०८ येते. मूर्ती वीतभर असो वा दोन पुरुष उंच, प्रमाण बदलत नाही, कारण मोजपट्टी तिच्या अंगातच असते.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र याच्याही पुढे जाते. तेथे पुरुषांचे पाच प्रकार सांगितले आहेत : हंस १०८ अंगुलांचा, भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शशक ९० अंगुलांचा. म्हणजे एकच आदर्श देह सर्वांवर लादलेला नाही; राजा, ऋषी, सेवक यांची शरीरे वेगळी असणार हे गृहीत धरूनच शास्त्र रचले आहे. शरीर वळले की दूरचा भाग आखडतो आणि जवळचा वाढतो, यालाही चित्रसूत्रात क्षयवृद्धी असे नाव आहे. आपल्या जुन्या चित्रकारांना आखूडपणाचे ज्ञान नव्हते, असे अजूनही काही पाठ्यपुस्तके सुचवत असतात. त्यांनी हे प्रकरण एकदा वाचायला हवे.

तुलनेसाठी ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटस घेतला. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात त्यानेही प्रमाणांचा एक ग्रंथ लिहिला होता. तो हरवला, पण त्याच्या भालाधारी पुरुषाच्या रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृती उरल्या आहेत. एका पायावर भार, दुसरा पाय सैल, त्यामुळे कंबरेची रेषा एकीकडे कलते आणि खांद्यांची रेषा उलट बाजूला. मुलांच्या खांबासारख्या आकृतीला नेमके हेच हवे आहे. रोमन वास्तुविद् विट्रुव्हियसने हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतचा चेहरा उंचीच्या दहाव्या भागाइतका सांगितला. आपल्याकडे देवतांसाठी दशताल येतो तो याच्या जवळचा. दोन्ही परंपरांनी चेहऱ्यालाच माप मानले, ही गोष्ट पुस्तिकेच्या पहिल्या पानांवर यायला हवी.

वर्गासाठी सुतळीचे तुकडे कापून प्रत्येकी नऊ भागांवर गाठी मारल्या. मुलांनी आधी आपला चेहरा मोजायचा, मग त्याच मापाने आपल्याच नाभीपर्यंत आणि गुडघ्यापर्यंत उतरायचे.

१६ नोव्हेंबर २०२५

सकाळी गेटवेहून घारापुरीला गेलो. मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे मानले जाते. ते उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उघडे असल्याने दिवस चढतो तसा आतला उजेड सरकत जातो. शिल्पे सपाट प्रकाशात पाहिली तर ती अर्धीच दिसतात. तिरपा उजेड पडला की गाल, स्कंध आणि पोट यांच्या गोलाईचा उलगडा होतो. म्हणून मुलांना येथे आणायचे झाल्यास पहिली लाँच पकडावी लागेल.

सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या सदाशिवाच्या शिल्पापुढे सगळेच थांबतात. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचा उग्र अघोर, मधला शांत तत्पुरुष आणि उजव्या हाताचा सुकुमार वामदेव हे तीन चेहरे एकाच मानेच्या परिसरातून उगवतात, तरीही कोठे सांधा जाणवत नाही. आमचे काम मात्र त्याच्या पूर्वेकडील अर्धनारीश्वराशी होते आणि बहुतेक वेळ तेथेच गेला.

गवंड्याचा ओळंबा सोबत नेला होता. शिल्पाला हात न लावता, हातभर अंतरावर डोळ्यांसमोर धरून, कंठाच्या खळगीतून खाली येणारी उभी रेषा पाहिली. ती नाभीतून जात नाही. नाभी बाजूला सरकलेली आहे, देवीकडचा म्हणजे मूर्तीचा डावा नितंब बाहेर झुकला आहे आणि उजवीकडचा हात नंदीवर टेकलेला आहे. भार एका बाजूला जातो, आधार दुसऱ्या बाजूने मिळतो आणि त्या दोहोंमधून शरीराची वक्र रेषा तयार होते. शरीराला तीन ठिकाणी बाक देणाऱ्या ज्या ठेवणीला शास्त्रात त्रिभंग म्हणतात ती येथे केवळ सौंदर्यासाठी आलेली नाही. एकाच देहात दोन प्रकृती सामावायच्या तर मध्यरेषेला वाकावेच लागणार, अशी ती अपरिहार्य गरज वाटते. डाव्या बाजूला स्तन आणि हातात आरसा, उजवीकडे सपाट छाती. मुकुटाची रचनासुद्धा दोन्ही बाजूंना वेगळी. तरीही चेहरा एकच आणि त्याच्यावर कसलाही ताण नाही.

गाळले काय, हा प्रश्न येथे सर्वांत बोलका ठरतो. या देहाला स्नायू नाहीत. दंडावर उंचवटे नाहीत, बरगड्यांची खूण नाही, नडगीचे हाड नाही (पाय तर भंगलेच आहेत). पोर्तुगीज काळापासून झालेली मोडतोड सोसूनही जे उरले आहे त्यात त्वचेखाली हाड किंवा मांस असल्याची जाणीव होत नाही. आत रोखून धरलेला श्वास असल्याची होते. छाती आणि पोट आतून भरल्यासारखे फुगलेले आहे. ग्रीक शिल्पकाराने स्नायूंचे काम दाखवले आणि येथल्या शिल्पकाराने श्वासाचे. बेसाल्टसारख्या कठीण दगडात, समोरून आत खोदत जाताना, एकदा निघालेला कपचा परत बसवता येत नाही हे माहीत असूनही, ही मृदुता साधणाऱ्या त्या अनामिक कारागिरांपुढे मी मनापासून नतमस्तक आहे.

रेखाटने : अर्धनारीश्वर तीन कोनांतून, अंधकासुरवध एक. नटराजाचे हात तुटलेले असूनही धडाच्या वळणावरून नृत्य कळते. ते पुढच्या खेपेला.

२९ नोव्हेंबर २०२५

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दंपतींची शिल्पे आहेत, साधारण दुसऱ्या शतकातील, सातवाहन काळाच्या उत्तरार्धातील. ही माणसे देव नाहीत. भरगच्च पागोटी, जाड कंकणे, कंबरपट्टे, रुंद खांदे, आणि स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने, जवळजवळ तितक्याच उंच, आपापल्या पायांवर ठाम उभ्या. अंग झाकायला फारसे वस्त्र नाही, पण संकोचाचा लवलेशही नाही.

त्याच ओसरीच्या दोन टोकांना नंतरच्या काळात कोरलेले दोन प्रचंड बुद्ध आहेत. त्यांच्या अंगावरचे चीवर इतके अंगासरशी आहे की ते दिसते केवळ कडेच्या रेषेवरून. दागिना नाही, अंगाला वळण नाही, वय नाही. काही पावलांच्या अंतरात शरीराविषयीचे दोन पूर्णतः निराळे विचार समोरासमोर उभे आहेत : दंपतीत संसाराची समृद्धी ठेवली आहे, बुद्धात तीच गाळली आहे. मुलांना हे दाखवायला वेगळ्या भाषणाची गरज पडणार नाही.

१३ डिसेंबर २०२५

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. परळचा महादेव पाहण्यासाठी मुद्दाम गेलो. १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्त्याचे काम चालू असताना ही शिळा सापडली. मूळ शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात पूजेत आहे, संग्रहालयात त्याची प्रतिकृती आहे. मधोमध उभा शिव, त्याच्या खांद्यामागून वर निघणारा दुसरा, त्याच्याही वर तिसरा, आणि दोन्ही बाजूंनी फांद्या फुटाव्यात तसे आणखी देह, एकूण सात. पायाशी वाद्ये घेतलेले गण. एका देहातून दुसरा देह उगवण्याची ही कल्पना मला सदाशिवाच्या तीन मुखांइतकीच मोठी वाटते आणि गिरणगावातल्या कितीतरी मुलांना आपल्या वस्तीत हे शिल्प आहे याचा पत्ताही नसतो. पुस्तिकेत त्याला दोन पाने द्यायची.

सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपातून आलेला भाजक्या मातीचा कमळधारी पुरुष येथेच आहे. मातीला दगडासारखा प्रतिकार नसतो, बोटाच्या दाबाने ती वळते. त्यामुळे त्याच्या उभे राहण्यात जो सैलपणा आला आहे तो दगडात सहज येत नाही. माध्यम शरीराला कसे घडवते यासाठी हे उदाहरण घ्यावे. गांधार शैलीचे काम थोडक्यात उरकले. वस्त्राच्या चुण्यांपुरताच उल्लेख पुरेसा आहे.

२७ डिसेंबर २०२५

सर ज. जी. कला महाविद्यालयाविषयीचे प्रकरण लिहायला घेतले. १८५३ साली सर जमशेटजी जीजीभाई यांनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही शाळा सुरू झाली. तेथे सुरुवातीपासून ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन शिकवले जाई. याच शाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमधील आगीत गेल्या.

नकला जळाल्याची हळहळ वाटतेच, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्या विद्यार्थ्यांच्या हातांना मिळालेले वळण. मुंबईच्या वर्गात प्लास्टरच्या देहावर प्रकाश-छायेने स्नायू उठवायचे आणि अजिंठ्याच्या लेण्यात त्याच हाताने एका सलग रेषेत खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत उतरायचे, असे दुहेरी शिक्षण त्या पिढीला मिळाले. पहिल्यात वजन येते, दुसऱ्यात ओघ. पुढे मुंबईत जी मानवाकृती घडली तिच्यात हे दोन्ही प्रवाह शोधता येतात.

गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' याचे सर्वांत सुंदर उदाहरण ठरेल. १८९६ च्या सुमारास, विद्यार्थिदशेत असतानाच, त्यांनी ती प्लास्टरमध्ये घडवली. पूजेला निघालेली तरुणी, अंगावर मराठी पद्धतीने नेसलेले लुगडे. उभे राहण्याची ठेवण प्लास्टरच्या ग्रीक देवतांपासून आली असेल, पण लुगड्याच्या चुण्या पायांभोवती जशा आवळल्या आणि सुटल्या आहेत त्या घरात पाहिल्याशिवाय सुचणार नाहीत. येथे कापडानेच शरीर सांगितले आहे. गुडघा कोठे आहे, भार कोणत्या पायावर आहे, पाऊल पडणार आहे की पडले आहे, हे सगळे चुण्यांच्या ताणावरून वाचता येते. नग्न देह गाळूनही देहाचे पूर्ण ज्ञान कसे दाखवता येते, हे मुलांना समजावण्यासाठी याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ मध्ये प्रमुख झाले आणि त्यांनी शाळेत नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला. प्रतिकृतीवरून जिवंत माणसाकडे झालेले हे वळण मोठे होते. प्लास्टरचा देव थकत नाही. मॉडेल थकते, तिचा भार या पायावरून त्या पायावर जातो, खांदा उतरतो, आणि विद्यार्थ्याला कळते की पवित्रा ही धरून ठेवावी लागणारी गोष्ट आहे.

१० जानेवारी २०२६

मुख्याध्यापिकांशी बैठक झाली. त्यांनी स्पष्टच विचारले, "सर, घारापुरीचे ठीक आहे, लोक तिथे हात जोडतात. पण बाकीची उघडी चित्रे मुलांच्या पुस्तकात हवीत कशाला?" प्रश्न रास्त होता आणि तो टाळण्यात अर्थ नव्हता. मी म्हटले, "बाई, हा प्रश्न याच शहरात न्यायालयापर्यंत गेलेला आहे, तेव्हा आपण निदान तो माहीत करून घेऊ."

१९५४ साली जहांगीर कलादालनातील अकबर पदमसी यांच्या प्रदर्शनात 'लव्हर्स' नावाची दोन चित्रे होती. एका पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर आहे म्हणून ती काढून ठेवण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली अश्लीलतेचा खटला उभा राहिला. ते निर्दोष सुटले, सरकारने केलेल्या अपिलातही निकाल टिकला. त्याआधी १९४९ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनाही स्वतःच्या नग्न आत्मचित्रावरून पोलिसांचा जाच झाला होता आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले त्यांचे सहकारी के. एच. आरा, ज्यांनी मुंबईत घरगडी आणि मोटारी धुणारा म्हणून दिवस काढले होते, त्यांनी पुढे जाडजूड, सावळ्या नग्न स्त्रियांची चित्रमालिका रंगवली. त्यांच्या चित्रांतल्या स्त्रिया कोणाच्या नजरेसाठी सजलेल्या नाहीत. त्या आपल्या वजनासह बसलेल्या आहेत. ज्याने शरीरकष्ट केले त्याने शरीराला दिलेली ही मान्यता मला अतिशय मोलाची वाटते.

शेवटी ठरले ते असे : मुलांच्या भागात लेणी आणि संग्रहालयातील आकृती निःसंकोच राहतील. खटल्याची हकिगत आणि आरांची चर्चा शिक्षकांसाठीच्या स्वतंत्र टिपणात जाईल, आणि कोणत्याही चित्रावर पट्टी चिकटवायची नाही. झाकलेला भाग मुलांना चुकीची गोष्ट शिकवतो, या मुद्द्यावर बाई माझ्याशी सहमत झाल्या.

२४ जानेवारी २०२६

वारली आकृतीवरचे पान सहज झाले. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर वर्तुळ, काड्यांचे हातपाय. चेहरा, मांस, वस्त्र सगळे गाळले. ठेवला तो फक्त कंबरेचा बिंदू, आणि त्या बिंदूवर वरचा त्रिकोण कलला की माणूस पेरतो, दळतो, तारप्याभोवती नाचतो. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी लग्नात घराच्या भिंतीवर काढायच्या चौकापुरती असलेली ही चित्रभाषा कागदावर आणली. स्मरणचित्राचा पहिला आराखडा मुलांनी असाच दोन त्रिकोणांत करावा, असा सराव घातला आहे.

यानंतर दोन चित्रकार, ज्यांच्या आकृती या शहराशिवाय संभवल्या नसत्या. तय्यब मेहता यांनी फाळणीच्या दंगलीत महंमद अली रोडवर एका माणसाला जमावाने मारताना खिडकीतून पाहिले होते. कोसळणारी, तुटलेली, कर्णरेषेने दुभंगलेली माणसे त्यांच्या चित्रांत आयुष्यभर येत राहिली. सपाट रंग आणि थोडी रेषा. रक्त कोठेही नाही, तरी देह सुरक्षित नाही हे पाहणाऱ्याला पोटातून कळते.

दुसरे सुधीर पटवर्धन. ठाण्यात ते रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करीत, २००५ पर्यंत. दिवसभर क्ष-किरण चित्रांत माणसाची हाडे आणि फुप्फुसे पाहणाऱ्या या डॉक्टरांनी कॅनव्हासवर मात्र माणसाचे बाहेरचे वजन रंगवले : इराण्याच्या हॉटेलात टेबलाशी बसलेला माणूस, लोकलमधला प्रवासी, लोअर परळच्या गर्दीतला कामगार. या शरीरांना नवताल लागू होत नाही. मान खांद्यात रुतलेली, तळवे जड, पोट सुटलेले किंवा खपाटीला गेलेले. घारापुरीने जो थकवा संपूर्ण गाळला होता तो पटवर्धनांनी मध्यभागी आणून बसवला. दोन्हींमधले अंतर जवळजवळ दीड हजार वर्षांचे आणि लोकल-लाँचने काही तासांचे. पुस्तिकेत ती समोरासमोरच्या पानांवर यावीत असा माझा आग्रह आहे.

८ फेब्रुवारी २०२६

मुलांना दादरच्या बाजारात नेऊन सराव घेतला. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण सर्वांनी रेखाटली. तिच्याकडे नीट पाहिले तर मान आणि पाठ एका ओळंब्यात असतात, नजर समोर, हनुवटी किंचित आत. एक हात पाटीच्या कडेला आणि दुसरा मोकळा. चालताना डोके आणि खांदे जागच्या जागी राहतात आणि सारी हालचाल कंबरेखाली होते. म्हणजे भार मधोमध असला तर त्रिभंग खाली उतरतो. पाठीवर गोणी घेतलेल्या हमालाचे उलट : त्याचे धड पुढे झुकते, कपाळ जमिनीकडे येते आणि कंठातून सोडलेला ओळंबा त्याच्या पावलांच्याही पुढे पडतो, मागची गोणी काढून घेतली तर तो तोंडावर आपटेल. सातवीतल्या एका मुलीने गोणी न काढता नुसता हमाल काढला आणि तरीही पाठीवर ओझे असल्याचे सर्वांना कळले. ते रेखाटन तिच्या पालकांच्या संमतीने शेवटच्या सरावासोबत छापायचे आहे.

उरलेले काम : घारापुरीची छायाचित्रे न वापरता सर्व आकृत्या आमच्याच रेषाचित्रांत द्यायच्या, म्हणजे ओळंब्याची रेषा आणि तालांच्या खुणा चित्रातच दाखवता येतील. परळच्या महादेवाची दोन पाने अजून काढायची आहेत. त्यासाठी बारादेवीला जाऊन मूळ शिल्पाचे दर्शन घेणे आवश्यक आहे, कारण प्रतिकृतीवरून कोराईची खोली कळत नाही. तालमानाच्या पानाला जोडून गाठींची सुतळी प्रत्येक प्रतीसोबत द्यायची, आणि जूनमध्ये शाळा उघडताच पहिल्या तासिकेपासून पुस्तिका वापरात आणायची.